तीन स्वरांचा बिगुल, तीन मिनिटांची तबकडी

बिगुलाला पिस्टन नसतो, बोटांनी झाकायची भोकेही नसतात. ओठांचा ताण आणि फुंकेचा जोर यांवर वादक त्यातून साधारण पाच स्वर काढतो: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प. नावे मोजली तर तीनच. रागाला किमान पाच स्वर लागतात, म्हणून बिगुलावर राग वाजत नाही. तरी पहाटेच्या रेव्हेलीपासून रात्रीच्या लास्ट पोस्टपर्यंत छावणीचा सारा दिवस या तीन स्वरांत बांधलेला असतो. उरलेले काम साईड ड्रमचे. त्याची घाई, त्याचा ठेहराव आणि दोन काठ्यांनी अखंड धरलेला रोल यांनी त्या तुटपुंज्या स्वरांना अर्थ येतो.

हे वाद्य भारतात पलटणींबरोबर आले. लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई विखरून लढत. त्यांना हुकूम पोचवायला बिगुल लागे, म्हणून या पलटणींच्या चिन्हात बिगुल आला. बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर तो आजही आहे. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये पचमढीला लष्करी संगीताच्या शिक्षणाची सोय झाली. नागपूरला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे घोषपथक 1927 मध्ये सुरू झाले. तिथे बिगुलाचा शंख झाला, साईड ड्रमचा आनक, मोठ्या ढोलाचा पणव आणि बासरीची वंशी. ड्रम-बिगुलाच्या पथकाला मराठी मुलखात मिळालेले हे सर्वांत ठळक रूप.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी अशी पथके उभी केली. त्यांच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धाही भरू लागल्या. फ्लीटवुड या कंपनीने पथकांच्या वादनाच्या लाँगप्ले तबकड्या काढल्या, आणि जुने वादक त्या आजही जिवापाड जपतात. आपल्याकडे वादक कमी नव्हते. त्यांना जपणारे कमी पडले.

ग्रामोफोन आणि पितळी वाद्ये यांचे सुरुवातीपासून जमले. 1925 च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत आवाज कर्ण्यातून थेट सुईवर जाई. व्हायोलिनसारखा नाजूक आवाज त्यात हरवायचा, कॉर्नेटचा मात्र स्वच्छ उमटायचा. मोठ्या ढोलाच्या दणक्याने सुई उडे, म्हणून पुष्कळदा तो बाहेरच ठेवत. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास चाले. संचलनाची धून तेवढ्यात बसे. मिरवणुकीत अर्धा तास फुलणारी चीज मात्र छाटावी लागे. जुन्या तबकडीवरून बँडची योग्यता ठरवताना ही कात्री लक्षात ठेवायलाच हवी.

या साऱ्या इतिहासातला सोन्याचा अध्याय मास्टर कृष्णरावांचा (1898–1974). भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य रंगभूमीवर आणि प्रभातच्या चित्रपटांत गाजले. पण ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावे म्हणून त्यांनी केलेली धडपड त्याहून मोठी आहे. राष्ट्रगीत वाद्यवृंदावर आणि बँडवर नीट वाजले पाहिजे, हा मुद्दा 25 ऑगस्ट 1948 रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत मांडला होता. कृष्णरावांनी त्याला उत्तर दिले ते भाषणाने नव्हे, वादनाने. आपली झिंझोटी रागातली चाल त्यांनी बँडसाठी बांधली. त्यासाठी मुंबई पोलीस बँडचे प्रमुख गार्डनर यांच्याबरोबर बसून स्वरलिपी तयार केली आणि दिल्लीला जाऊन प्रात्यक्षिके दिली. निवडही मार्मिक होती. झिंझोटीत कोमल निषाद सोडला तर मुख्य स्वर शुद्ध. त्यामुळे ठरावीक स्वरांच्या पितळी वाद्यांना ती चाल पेलते आणि रागाची ओळखही पुसली जात नाही. 24 जानेवारी 1950 रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला. कृष्णरावांचा हेतू अर्धाच साधला, तरी भारतीय चाल बँडवर वाजते हे त्यांनी कायमचे सिद्ध केले.

बँडवर मींड येत नाही, म्हणून ते संगीतच नव्हे, असा आक्षेप काही जाणकार आजही घेतात. त्यांनी पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार किंवा न्यू गंधर्व बँडची क्लॅरिनेट ऐकावी. वादक भोकावरचे बोट सावकाश सरकवतो, ओठ सैल करतो आणि स्वर खालून वर घसरत जातो. मींड ती हीच.

आज त्याच रस्त्यावर ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे पुष्कळदा क्लॅरिनेट ऐकू येत नाही. कॉर्नेटसारखी जुनी पितळी वाद्ये मुकी होतात त्याचे कारण मात्र बहुधा साधे असते: पिस्टन झिजतो, हवा निसटते, स्वर फाटतो. पिस्टन पुन्हा नेमका बसवणे हे पुण्यातल्या कुशल टर्नरच्या हातचे काम आहे. ते त्याच्याकडे कोणी नेत नाही, एवढेच. तबकड्यांचे दुखणे याहून जुने. लेबलावर बँडचे नाव छापले जाई, वादकांची नावे क्वचितच. त्यामुळे प्रत्येक तबकडीची नोंद करताना लाखेत कोरलेला क्रमांक, धून, राग आणि वाद्ये यांच्याबरोबर कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ड्रम कोणी वाजवला हेही लिहिले पाहिजे. ही नावे वादकांच्या घरांतून अजून मिळू शकतात.