आखाजी

वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, खानदेशात रूढ असलेले नाव व त्या दिवशी साजरा होणारा सण. ‘आखजी’, ‘आखाती’ अशी त्याची बोलीतील अन्य रूपेही आढळतात. हा सण इंग्रजी कालगणनेनुसार सामान्यतः एप्रिलच्या अखेरीस वा मे महिन्यात येतो. महाराष्ट्राच्या इतर भागांत हा दिवस साडेतीन मुहूर्तांपैकी एक, दानाचा व चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या समाप्तीचा दिवस म्हणून परिचित आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत मात्र त्याला दिवाळीच्या तोडीचे स्थान असून, घरापासून दूर गेलेल्यांनी घरी परतण्याचा सण हे त्याचे मुख्य स्वरूप होय. सासरी गेलेली लेक, सालाने बांधलेला शेतमजूर व दिवंगत पितर अशा तिघांचे परतणे या एका तिथीशी जोडले गेले आहे.

तापी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील हा प्रदेश ब्रिटिश अमदानीत एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग करण्यात आले. त्यांनाच पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. कापूस व ज्वारी ही येथील प्रमुख पारंपरिक पिके. वैशाखापर्यंत कापसाची वेचणी संपलेली असते, गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि मृगाच्या पेरणीस अवकाश असतो. उन्हाळा कडक असल्याने शेतातील कामे मंदावतात. दिवाळीच्या सुमारास मात्र ज्वारीची कापणी व कापसाची वेचणी यांची घाई असते. सासुरवाशिणीला चार दिवस मोकळे सोडणे कुटुंबाला जड जाऊ नये, अशी वर्षातील वेळ म्हणजे वैशाख. आखाजीला माहेरपणाचे महत्त्व येण्यामागे कृषिजीवनातील ही सोय आहे.

लेक आपण होऊन माहेरी जात नसे. तिला आणण्यासाठी भाऊ किंवा घरातील अन्य पुरुष सासरी जाई. यास ‘मूळ जाणे’ व जाणाऱ्यास ‘मुऱ्हाळी’ असे म्हणतात. मूळ आले म्हणजे सासरच्यांनी तिला पाठविणे हा रिवाज. बैलगाडीच्या काळात गाडी, वाटेतील शिदोरी, माहेरचा मुक्काम व परत पाठविताना द्यावयाचे लुगडे-चोळी हा सर्व भार माहेरावर असे. मूळ न येणे ही सासुरवाशिणीच्या दृष्टीने मोठी नामुष्की मानली जाई. माहेरी आईबाप उरले नाहीत किंवा भाऊ कर्जात बुडाला, तर ती सासरच्या दारात वाट पाहत राही. आखाजीच्या गाण्यांत झोक्याच्या आनंदाबरोबर ही वाट पाहण्याची व्यथाही येते, ती यामुळेच.

माहेरी आलेल्या मुली कडुनिंबाच्या फांदीस झोके बांधतात. गौराई म्हणजे पार्वती. ती माहेरी येते, कोडकौतुक करवून घेते आणि शंकर न्यायला आले की सासरी जाते, या कल्पनेभोवती अहिराणी व लेवा गणबोलीतील अनेक लोकगीते गुंफलेली आहेत. देवीलाही माहेरपण चुकलेले नाही, हा त्यांतील आशय सासुरवाशिणींना जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. गीते मुखपरंपरेने टिकली असून आई, लेक व नात यांच्या एकत्र येण्याचा हा सणच त्यांच्या प्रसाराचे साधन ठरला. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीही या सणावर कविता रचली आहे. त्यांचा बहिणाबाईंची गाणी हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या दिवशी खापरावर भाजलेली पुरणाची पोळी, आमरस, कुरडया व पापड असे जेवण असते. खापराची पोळी हातावर वाढवून उलट्या खापरावर टाकावी लागते. हे कसब मुली माहेरीच शिकतात.

याच दिवशी पितरांसाठी पाण्याने भरलेली मातीची घागर पुजतात. तिच्यावर डांगर (खरबूज) व आंबे ठेवतात आणि विस्तवावर अन्नाचा घास टाकून पितरांना तृप्त करतात. यास ‘आगारी टाकणे’ म्हणतात. ऐन उन्हाळ्यात प्रथम पाणी देण्याची ही कल्पना या प्रदेशाच्या हवामानाशी सुसंगत आहे. घागर पुजल्यावाचून नवा आंबा न खाण्याची चाल अनेक घरांत आढळते.

आखाजीची तिसरी बाजू आर्थिक आहे. खानदेशात ‘सालदार’ म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला शेतमजूर. त्याचे साल आखाजीस संपते व नवे साल त्याच दिवसापासून धरतात. मजुरी रोख व धान्य अशा दोन्ही रूपांत ठरे व तिचा काही भाग आगाऊ उचल म्हणून मिळे. साल संपले की हिशेब होई. उचल फिटलेली असल्यास सालदार मोकळा होऊन आपल्या घरी जाई वा दुसरा मालक पाही. न फिटल्यास त्याच घरी पुढील साल धरण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. लेकीचे माहेरपण भावाच्या ऐपतीवर, तर सालदाराचे घरी जाणे मालकाच्या वहीवर अवलंबून असे. ट्रॅक्टरचा प्रसार व रोजंदारीची वाढ यांमुळे सालदारकी आता बरीच घटली आहे.

स्थलांतराने या सणास नवा अर्थ दिला. सुरत–भुसावळ हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून खानदेशास गुजरातशी जोडतो. सुरतेतील यंत्रमाग व कापड-प्रक्रिया उद्योगांमुळे खानदेशातील हजारो कुटुंबे तेथील उधना, लिंबायत, दिंडोली आदी भागांत स्थायिक झाली. शाळांची सुटी व लग्नसराई यांमुळे वैशाखात ही कुटुंबे गावाकडे येतात. गाव सोडून गेलेला मुलगाही आता लेकीप्रमाणेच पाहुणा झाला आहे. फरक इतकाच, की त्याला न्यायला मुऱ्हाळी येत नाही. प्रवासाचा खर्च व बुडालेला रोज त्याचा त्यालाच सोसावा लागतो.

दूर गेलेल्यांना समारंभपूर्वक परत बोलाविण्याची प्रथा आधुनिक राष्ट्रांनीही स्वीकारली आहे. आयर्लंड बेटावरून एकोणिसाव्या शतकातील दुष्काळामुळे व नंतर लाखो लोक देशोधडीस लागले. त्यांच्या वंशजांना मायदेशी येण्याचे आवाहन करणारा ‘द गॅदरिंग’ हा वर्षभराचा उपक्रम आयर्लंडने २०१३ मध्ये योजला. तो आर्थिक मंदीच्या काळात पर्यटनवाढीसाठी आखला होता. परदेशस्थांच्या खिशावर त्याचा डोळा आहे, अशी टीका आयरिश अभिनेते गेब्रिएल बर्न यांनी २०१२ मध्ये केली होती. भारतात महात्मा गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी आफ्रिकेतून परतले, त्या घटनेच्या स्मरणार्थ २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो. या उपक्रमांत येणारा खर्च करतो व बोलाविणाऱ्यास लाभ होतो. आखाजीत बोलाविणारा खर्च करतो आणि दारी जाऊन बोलावितो. त्यामुळे तेथे आमंत्रणास हक्काचे रूप प्राप्त झाले आहे.

या हक्काला मर्यादाही आहेत. महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या कायदेदुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस मुलाप्रमाणे जन्मसिद्ध वाटा मिळाला. तथापि माहेर तुटू नये म्हणून भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देणाऱ्या बहिणी आजही थोड्या नाहीत. चार दिवसांच्या माहेरपणासाठी जमिनीवरील हक्क सोडून देण्याचा हा व्यवहार आहे. अक्षय्य तृतीया हा मुहूर्त मानला जात असल्याने त्या दिवशी बालविवाह लावण्याची अनिष्ट चालही होती. अशा विवाहांस १९२९ च्या व त्यानंतर २००६ च्या कायद्याने प्रतिबंध केला असला, तरी प्रशासनास या दिवशी अद्यापि दक्षता घ्यावी लागते.

बस, दुचाकी व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारामुळे सासर-माहेरचे अंतर घटले असून लेक कोणत्याही महिन्यात माहेरी येऊ शकते. मूळ पाठविण्याची गरज त्यामुळे कमी झाली आहे. तरीही आखाजीच्या आठवड्यात खानदेशातील बसस्थानके लेकी-बाळींनी भरलेली दिसतात. वर्षातील एक दिवस आपल्यासाठी राखलेला आहे आणि त्या दिवशी दार आपल्यासाठी उघडे असेल, ही खात्री या सणाने पिढ्यान्‌पिढ्या दिली. हीच खात्री त्याच्या टिकाऊपणाचे प्रमुख कारण होय.