गाडी तापते? आधी तिच्या पोटातली हवा काढा!

दोन दिवस पाणी बंद राहून नळाला पुन्हा पाणी आलं की काय होतं, ते कल्याण-डोंबिवलीच्या गृहिणीला सांगायला नको. नळ आधी खोकतो, फुसफुसतो, बादलीबाहेर शिंतोडे उडवतो आणि मग कुठे सरळ धार लागते. पाइपात शिरलेली हवा आधी बाहेर पडायला हवी ना! हेच दुखणं आपल्या मोटारीलाही होतं. फरक एवढाच, की नळ आपली तक्रार बोलून दाखवतो. गाडी मात्र मुकाट्याने तापत जाते आणि एके दिवशी मुलाबाळांसकट घाटात उभी करते.

‘हे मेकॅनिकचं काम, आपला काय संबंध?’ असं म्हणू नका हं. मुलांना क्लासला सोडायचं, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं, तर पुष्कळ घरांत गाडी आपल्याच हाती असते. घोडबंदर रोडवर नाहीतर कल्याण-शीळ रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर. लपलेलं दुखणं नेमकं अशा वेळी डोकं वर काढतं.

इंजिनाभोवती कूलंट म्हणजे गार ठेवणारं पाणी सतत फिरत असतं. ते इंजिनाची उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि पुन्हा परत येतं. रेडिएटरचं झाकण आपल्या कुकरच्या झाकणासारखंच. आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही. बऱ्याच गाड्यांत हा दाब सुमारे १ बार असतो आणि त्या दाबाखाली साधं पाणीदेखील १२० अंशांच्या आसपास उकळतं.

कूलंट बदलताना किंवा एखादा पाइप गळू लागला की आत हवा शिरते. हवा हलकी, ती उंच कोपऱ्यात जाऊन बसते. जिथे हवा तिथे पाणी नाही, आणि पाणी नाही तिथला धातू तापून निघतो. फार तापलं तर इंजिनाचं वरचं डोकं वाकतं, गॅस्केट जातं आणि खर्च महिन्याचं बजेट कोलमडून टाकतो. जुन्या गाड्यांत रेडिएटरचं तोंड बहुधा सगळ्यात उंचावर असे, त्यामुळे हवा आपोआप निघून जाई. हल्लीच्या ठेंगण्या बॉनेटच्या गाड्यांत पुष्कळदा इंजिन उंच आणि रेडिएटर खाली असतो. म्हणून हवा मुद्दाम काढावी लागते.

हवा अडकली हे ओळखायचं कसं? तापमानाचा काटा उगाच वरखाली होतो. हीटर लावला तर गार वारा येतो. डॅशबोर्डमागून गुडगुड ऐकू येते. कूलंट भरलं तरी पातळी पुन्हा खाली जाते. आणि काटा दर वेळी खरं सांगेलच असं नाही बरं का! त्याची तपासणी हवेत आली तर गाडी तापलेली असूनही काटा खालीच राहतो.

आमच्या शेजारच्या ताईंच्या गाडीचं कूलंट एका गॅरेजमध्ये घाईघाईने बदललं गेलं. माळशेजला जाताना मुरबाडच्या पुढे काटा लाल खुणेकडे सरकू लागला. ताईंनी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला आणि गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. एक भला माणूस पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि थेट झाकणालाच हात घालू लागला. ताईंनी ठामपणे थांबवलं म्हणून बरं! तापलेलं झाकण उघडलं की उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

हवा काढण्याची रीत अशी :

१) गाडी रात्रभर थंड होऊ द्या. तोंड चढाकडे येईल अशी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि चाकांमागे विटा लावा.

२) झाकण उघडून हीटर पूर्ण गरमवर ठेवा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट सावकाश भरा. दोन जातींची मिसळ करू नका.

३) इंजिन बंद असतानाच वरचा जाड रबरी पाइप हलके दाबत राहा. बुडबुडे वर येतील. हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करा आणि बुडबुड्याविना धार आली की आवळा.

४) पुस्तिकेत मनाई नसेल तर झाकण उघडं ठेवून इंजिन हळू चालवा. साधारण ८० ते ९० अंशांना थर्मोस्टॅटचं दार उघडतं, पातळी एकदम खाली जाते आणि राहिलेली हवा निघते. तोंड लांब ठेवा. पदर, ओढणी आणि वेणी नीट आवरा, पंखा अचानक सुरू होतो, इंजिन बंद केल्यावरसुद्धा.

५) पंखा एकदा फिरून थांबला की इंजिन बंद करा. पूर्ण निवल्यावर दोन खुणांच्या मध्ये पातळी आणा आणि झाकण घट्ट लावा. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी एकदा पाहा.

एवढं करूनही बुडबुडे थांबले नाहीत, धूर पांढरा येऊ लागला किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर गॅस्केट गेलेलं असू शकतं. मग गाडी चालवू नका, गॅरेजलाच कळवा.

आणखी एक. कूलंट चवीला गोडसर असतं, पण ते विष आहे. उरलेलं सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका. मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि सांडलेलं लगेच पुसा.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तरी हरकत नाही. पुढच्या वेळी कूलंट बदलून गाडी हातात आली, की किल्ली घेण्याआधी एवढंच विचारा, ‘हवा काढली का? पंखा फिरेपर्यंत चालवून पाहिलीत का?’ विचारणारी बाई दिसली, की काम आपोआप नीट होतं!