ठोसा पायातून निघतो

आकाशवाणीवर मला बोलावतात ते सहसा गझलेवर किंवा मुशायऱ्यांच्या आठवणींवर बोलायला. या वेळी मीच म्हटलं, मला ठोशावर बोलायचंय. फोनवरचे अधिकारी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे विडंबन वगैरे?" म्हटलं, नाही हो, खराखुरा ठोसा. मूठ आवळून मारतात तो.

त्याचं असं झालं. माझा भाचा, वय वर्षं एकोणीस, एका संध्याकाळी उजव्या हाताला प्लास्टर घालून घरी आला. करंगळीच्या मुळाशी तळहातातलं जे हाड असतं ते मोडलेलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात खरं, पण मुरलेल्या बॉक्सरला हे क्वचित होतं. होतं ते भिंतीवर राग काढणाऱ्याला आणि नवशिक्याला. आमचा भाचा दुसऱ्या गटातला. कुणाला न सांगता दोन महिने तो मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकत होता. आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, मला म्हणाली, "तूच विचार तुझ्या भाच्याला, कुणाला मारायचंय ह्याला?" मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "कुणाला नाही, मामू. पण माझ्या ठोशात दमच नाहीये."

या उत्तरानं माझी झोप उडाली. कारण पोरगा अंगानं दणकट. व्यायामशाळेत आडवा पडून ऐंशी किलोचा बार छातीवरून उचलतो. आणि त्याच्याच वर्गातला एक काडीपैलवान, वजन जेमतेम पंचावन्न किलो, त्याच्यापेक्षा जोरात मारतो! बॅगवर त्याचा ठोसा बसला की साखळी खणखणते, आणि आमच्या भाच्याचा बसला की बॅग नुसती मागे सरकते. ताकद आहे, पण ती मुठीपर्यंत पोचत नाही. कवीला हे दुःख चांगलं ठाऊक असतं. म्हणून प्लास्टर निघाल्यावर मीही त्याच्याबरोबर त्या हॉलवर जाऊन बसायला लागलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॉक्सिंग, थायलंडचं मुए थाई, कुस्ती, ज्युजुत्सु अशा सगळ्यांची ही मिसळ. अमेरिकेत डेन्व्हर इथं नोव्हेंबर १९९३ मध्ये यूएफसी नावाची पहिली स्पर्धा झाली, तिथून हा खेळ जगभर पसरला. ठोसा, लाथ, पकड, जमिनीवरची झटापट, सगळं चालतं. हातातले ग्लोव्हज मात्र अगदी छोटे, साधारण चार औंसांचे, बोटं उघडी. व्यावसायिक बॉक्सिंगचे आठ किंवा दहा औंसांचे असतात. म्हणजे मारणाऱ्याच्या हाडांना आणि मार खाणाऱ्याच्या जबड्याला, दोघांनाही आधार कमी.

तिथले प्रशिक्षक मणिपूरचे, वयानं माझ्या मुलासारखे. मी पहिल्या दिवशी सगळ्या पोरांचे दंड बघत बसलो होतो. ते जवळ येऊन म्हणाले, "चाचा, हात बघू नका. टाच बघा."

मी टाच बघितली. उजव्या हातानं सरळ ठोसा मारणारा पोरगा उजवा पाय मागे ठेवून उभा. ठोसा निघण्याआधी मागच्या पायाचा चवडा जमिनीला रेटा देतो, टाच उचलते आणि बाहेर वळते, गुडघा वळतो, मग कंबर, मग छाती, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी. आसुडाची मूठ हलकेच हलते आणि फटका टोकाला वाजतो, तसंच. भाच्याची टाच मात्र जमिनीला चिकटलेली. तो नुसत्या खांद्यानं आणि दंडानं मारत होता. बंद पडलेली मोटार ढकलताना आपण पाय रोवतो आणि सगळं अंग लावतो. हा पठ्ठ्या जणू एका हातानं मोटार ढकलत होता.

हे मोजूनही झालंय. १९८५ साली सोव्हिएत संशोधकांनी वेगवेगळ्या दर्जाच्या बॉक्सरांच्या सरळ ठोशाचा हिशेब मांडला, की जोरात पायाचा वाटा किती, धडाचा किती, हाताचा किती. निष्णात खेळाडूंमध्ये पायांचा वाटा अडतीस टक्क्यांच्या वर निघाला आणि हाताचा फक्त चोवीस. नवशिक्यांमध्ये नेमकं उलटं. हाताचा अडतीसच्या आसपास आणि पायांचा सोळा-सतरा. माझ्या भाच्याचं अख्खं दुखणं या चार आकड्यांत आलं.

पण शास्त्रज्ञांच्या आधी हे एका खाणकामगारानं ओळखलं होतं. जॅक डेम्प्सी हा अमेरिकेतला बॉक्सर, तरुणपणी खाणींत राबलेला. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो गावी तो जेस विलर्ड या जगज्जेत्यासमोर उभा राहिला. विलर्ड साडेसहा फूट उंच आणि एकशे अकरा किलोंचा. डेम्प्सी त्याच्यापेक्षा सुमारे सव्वीस किलोंनी हलका. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडला, आणि तिसऱ्या फेरीनंतर तो उठलाच नाही. पुढे १९५० मध्ये डेम्प्सीनं ठोशावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की ठोसा म्हणजे स्वतःचं वजन चालतं करणं. पुढचा पाय उचलला की माणूस पुढे पडायला लागतो. ते पडणारं वजन, पाय जमिनीवर टेकायच्या आत, मुठीतून समोरच्याला द्यायचं. पाय आधी टेकला तर वजन जमिनीनं खाल्लं. किती साधं! आपण ठेच लागून पडतो तेव्हा हीच ताकद आपल्याच गुडघ्याला भोगावी लागते.

आता दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत जास्त आवडली. भाचा मूठ पहिल्यापासून आवळून, दात खाऊन मारायचा. प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणायचे, "सैल, सैल." त्याला कळेना. जोरात मारायचं आणि सैल राहायचं?

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल हे पाठीच्या कण्याचे नामवंत अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याच खेळातल्या अव्वल लढवय्यांच्या अंगावर स्नायूंचे विद्युतसंकेत टिपणारी यंत्रं लावून त्यांचे ठोसे आणि लाथा तपासल्या. दिसलं असं, की स्नायू एकदा नाही, दोनदा आवळतात. सुरुवातीला एक झटका, अंग हलवण्यासाठी. मग हात वेगात जात असताना ते चक्क ढिले पडतात. आणि मूठ टेकते त्या क्षणी पुन्हा सगळं अंग दगडासारखं घट्ट. मधला ढिलेपणा नसेल तर वेग येत नाही, कारण हात पुढे नेणारे आणि मागे ओढणारे स्नायू एकमेकांशीच भांडत बसतात. आणि शेवटचा आवळ नसेल तर नुसता हात लागतो, मागचं शरीर लागत नाही.

घट्ट, सैल, घट्ट. मी ते ऐकून हसलो. मुशायऱ्यात नवखा शायर पहिल्या शब्दापासून ओरडत सुटतो आणि काफिया येईपर्यंत त्याचा दम संपलेला असतो. असो, मला कविता टाळायची होती.

आता ही ताकद वाढवायची कशी? माझं लहानपण मिरजेत तालमीजवळ गेलं. तिथं हजार बैठका मारणाऱ्याचा मान मोठा. त्या बैठकांनी मांड्या घडतात, दमसास वाढतो, यात शंका नाही. पण स्फोटक ताकद हे वेगळं प्रकरण आहे. स्नायूला आपला पुरता जोर लावायला सेकंदाचा तिसरा भाग किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि ठोशाला तेवढी सवड नसते. म्हणजे तुमच्यात किती जोर आहे यापेक्षा, त्यातला किती तुम्ही चटकन बाहेर काढता हा सवाल. ऐंशी किलोचा बार सावकाश उचलणारा भाचा इथंच अडकला होता.

म्हणून व्यायाम दोन तऱ्हेचा लागतो. एक, जड वजनाच्या बैठका आणि जमिनीवरून बार उचलणं, तीन ते पाच वेळाच, पाठ सरळ ठेवून. यानं मूळ भांडवल वाढतं. दुसरा, हलकं पण झटक्याचं काम. तीन-चार किलोंचा मेडिसिन बॉल कंबर वळवून भिंतीवर फेकणं, उड्या, टाळी वाजवून मारलेले जोर. बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक एका हातानं वर भिरकावणं. चार-पाच वेळा, पूर्ण वेगात, आणि मग दोन-तीन मिनिटं चक्क बसायचं. ही विश्रांती पोरांना पटत नाही. घाम निघाला नाही म्हणजे व्यायाम झाला नाही, असं त्यांना वाटतं. पण थकलेला स्नायू हळू हलतो, आणि हळू हलण्याचा सराव केला की माणूस हळूच मारायला शिकतो. बॅगवरही तसंच. तीन मिनिटं धपाधप बडवणं हा दमसासाचा सराव. जोराचा सराव म्हणजे एक ठोसा, श्वास, पुन्हा उभं राहणं, पुन्हा एक ठोसा. आणि हे सगळं मनगट सरळ ठेवून, पट्टी नीट गुंडाळून. नाहीतर करंगळीचं हाड आहेच.

इथं एक पेच आहे. बॉक्सरसारखं सगळं वजन ठोशात घातलं, की या खेळात समोरचा खाली वाकून पाय धरतो आणि आपटतो. कुस्तीगिराला अशी संधीच हवी असते. त्यामुळे ठोसा मारूनही तोल आपल्याच पायांवर परत यायला हवा. हुशार लढवय्ये याचाच उलटा उपयोग करतात. पाय धरायला वाकल्याचं सोंग करतात, समोरच्याचे हात खाली जातात, आणि वरून ठोसा येतो.

फ्रान्सिस न्गानू हा या खेळातला घणाघाती ठोशांसाठी गाजलेला माणूस. कॅमेरूनमधल्या बातिए गावचा, आणि लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला. फावडं वाळूत रोवायचं, कंबर वळवायची, वाळू वर फेकायची. दिवसभर तेच. २०१३ मध्ये तो पॅरिसला पोचला तेव्हा डोक्यावर छप्परही नव्हतं. मार्च २०२१ मध्ये त्यानं स्टिपे मिओचिचला बेशुद्ध करून यूएफसीचं हेवीवेट अजिंक्यपद मिळवलं. लोक म्हणतात, ताकद त्या खाणीतली. त्याची उपजत देणगी वेगळी, हे मान्य. पण खाणीतून आलेल्या डेम्प्सीची आठवण मला झाल्यावाचून राहिली नाही. कुणाच्याही लेकराला अशी तालीम मिळू नये, हेही तेवढंच खरं.

आता आपाच्या प्रश्नाकडे येतो. भाचा आधी ज्या हॉलवर जायचा तिथं पोरांना एकमेकांच्या डोक्यावर पूर्ण ताकदीनं मारायला लावत. हाड मोडायच्या आदल्या आठवड्यात त्याचं डोकं दोन दिवस दुखत होतं, एकदा उलटीही झाली. हे त्यानं मला प्लास्टर निघाल्यावर सांगितलं. हाताचं हाड सांधतं. मेंदूचं तसं नाही. हनुवटीवर बाजूनं ठोसा बसला की कवटी झटक्यात फिरते, आतला मेंदू मागे राहतो, आणि त्याचे धागे ताणले जातात. बेशुद्ध पडलं नाही म्हणजे काही झालं नाही, असंही नव्हे. बारीकसारीक धक्केही साठत जातात. बॉक्सरांच्या या आजाराचं वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी १९२८ मध्येच करून ठेवलंय.

आमच्या मोहल्ल्यातल्या सलूनमध्ये मोहम्मद अलीचं ते प्रसिद्ध छायाचित्र होतं. खाली लिस्टन पडलेला, वर अली गर्जतोय. २५ मे १९६५. तो ठोसा इतका आखूड आणि चपळ होता, की सभागृहातल्या अनेकांना तो दिसलाच नाही. लढत ठरवून केली होती असा संशय लोक अजून घेतात. मला आता वाटतं, लिस्टन स्वतःच पुढे येत होता आणि त्याचंच वजन त्याच्यावर उलटलं. केस कापून घेताना मी त्या दंडाकडे बघत बसायचो. मग १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना टीव्हीवर तो दिसला. त्याचा हात थरथरत होता. त्याला १९८४ मध्येच पार्किन्सनचं निदान झालं होतं. ते ठोशांमुळेच झालं का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण त्या रात्री आमच्या घरात कुणी बोललं नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग जोर बॅगवर, आणि माणसावर फक्त स्पर्श. चालेल?" नवे प्रशिक्षकही तसंच शिकवतात. आम्ही तेवढ्यावर समझोता केला.

गेल्या महिन्यात त्यांनी मलाही बॅगसमोर उभं केलं. पहिल्या दहा ठोशांना बॅग हसली असावी. अकराव्या वेळी मी हात विसरलो आणि टाच वळवली, तर आवाजच वेगळा आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खांदा आठवडाभर दुखला, तो भाग वेगळा.

घरी आलो तर आपा दारातच. "दोघंही शिकून आलात. आता तरी सांगा, कुणाला मारणार?"

"बॅगला," भाचा म्हणाला.

"मग आधी हे गव्हाचं पोतं गिरणीत पोचव."

त्यानं पाय रोवले, गुडघे वाकवले आणि पोतं खांद्यावर घेतलं. माझी नजर आपसूक त्याच्या टाचेकडे गेली.