सीआरपी वाढला म्हणजे कर्करोग पसरला का?

कोविडच्या काळात ‘सीआरपी’ ही तपासणी घराघरांत माहीत झाली. आता कर्करोगाच्या रुग्णाच्या फाईलमध्ये हा आकडा वाढलेला दिसला, की नातेवाईक हमखास विचारतात, ‘म्हणजे आजार पसरला का?’ दुसरीकडे एखादा धडधाकट माणूस हेल्थ पॅकेजच्या अहवालात तोच आकडा ठळक अक्षरांत पाहतो आणि त्याची झोप उडते.

गाठीत पांढऱ्या पेशी जमतात, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरचो यांनी १८६३मध्येच नोंदवले होते. गाठीतून आणि तिच्याभोवतीच्या पेशींतून इंटरल्युकिन-६सारखी रसायने रक्तात उतरतात. ती यकृतापर्यंत पोहोचली, की यकृत सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिन कमी बनवू लागते. न्यूट्रोफिल या पेशी वाढतात. कर्करोगाच्या पेशींना मारणाऱ्या लिम्फोसाइट मात्र अनेकदा घटतात. शरीरभर धुमसणाऱ्या या प्रक्रियेला दाह म्हणतात. तो जितका जास्त, तितके वजन उतरते, भूक मरते आणि उपचार सोसणे अवघड जाते.

या दाहाचा अंदाज साध्या सीबीसीवरूनही येतो. अहवालात न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के असतील, तर ७२ भागिले १८, म्हणजे गुणोत्तर ४. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असते. २०१४मध्ये १०० अभ्यासांतील ४० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. हे गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट आढळला. ग्लासगोच्या डॉक्टरांनी सीआरपी आणि अल्ब्युमिन यांची सांगड घातली. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि अल्ब्युमिन ३.५ ग्रॅमपेक्षा (१०० मिलिलिटरमागे) कमी, अशी दोन्ही लक्षणे असलेल्या रुग्णांची वाटचाल अधिक खडतर असते. (काही प्रयोगशाळा सीआरपी दर १०० मिलिलिटरमागे देतात. तिथे १ म्हणजे इथले १०. एकक न पाहता दोन अहवालांची तुलना करून अनेकजण उगीच घाबरतात.)

पण हे आकडे कर्करोगाचे निदान करत नाहीत. क्षयरोग, न्यूमोनिया, दातातला पू, संधिवात यांपैकी कशानेही सीआरपी चढतो, आणि आपल्याकडे या आजारांची वानवा नाही. केमोथेरपीसोबत दिलेल्या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनानेही वाढतात. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीचा, ताप-जंतुसंसर्ग नसतानाचा अहवालच भरवशाचा. शिवाय ‘१.८ पट’ हा हजारो रुग्णांचा हिशेब आहे. समोरच्या एका रुग्णाची मुदत त्यातून काढता येत नाही. उपचार ठरतात ते बायोप्सी, आजाराचा टप्पा आणि रुग्णाची ताकद पाहून.

मग आकडा औषधाने खाली आणला तर? २०१७मध्ये हृदयविकाराच्या दहा हजारांवर रुग्णांवर दाहविरोधी इंजेक्शनाची चाचणी झाली आणि औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी दिसले. आशा पालवली. पुढे तेच औषध प्रत्यक्ष फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपीसोबत दिले, तेव्हा आयुष्य वाढले नाही. त्यामुळे सीआरपी उतरवण्यासाठी मनानेच वेदनाशामक गोळ्या किंवा हळदीच्या कॅप्सूल घेण्यात अर्थ नाही. सिस्प्लॅटिन चालू असताना अशा गोळ्या मूत्रपिंडावर बेतू शकतात.

या आकड्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. ते वाढलेले दिसले, की लपलेला संसर्ग शोधायचा आणि आहाराकडे आधीपासून लक्ष द्यायचे. अल्ब्युमिन दाहामुळे उतरले असेल, तर नुसत्या प्रोटीन पावडरच्या डब्याने ते भरून येत नाही. तरीही पोटात पुरेसे अन्न जाणे थांबता कामा नये. डॉक्टरांकडे जाताना सहा महिन्यांत किती वजन उतरले, ताप येतो का, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे लिहून न्यावे आणि सोबत जुने सीबीसी अहवालही ठेवावेत.