मिरवेलीची छाट कलमे आणि मुळ्या फुटविणारे संजीवक

गोव्याच्या कुळागरांत पोफळीच्या आधाराने चढलेली मिरवेल हे बागायतदाराचे मोलाचे जोडउत्पन्न होय. बियांपासून वाढविलेल्या रोपांत मूळ वेलीचे गुण जसेच्या तसे उतरतील याची शाश्वती नसते व पीकही उशिरा हाती येते. म्हणून छाट कलमांचीच पद्धत रूढ आहे. या कलमांना मुळ्या लवकर व सारख्या फुटाव्यात यासाठी अलीकडे संजीवकाची पूड वापरली जाते. तथापि पूड लावली की कोणतीही फांदी रुजेल, हा समज नुकसानीस कारण होतो.

वनस्पतीच्या शेंड्यात व कोवळ्या पानांत 'ऑक्झिन' हे द्रव्य तयार होते. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२८ साली ओटच्या कोंबांवरील प्रयोगांनी त्याचे कार्य दाखवून दिले. ते खालच्या बाजूस उतरते व मुळ्या फुटण्यास चालना देते. इंडोल ब्युटिरिक आम्ल हे त्याच जातीचे संजीवक आहे. ते केवळ चालना देते. रोगट छाटाला निरोगी करीत नाही.

खरे महत्त्व आहे ते छाट कोठून घ्यावयाचा याला. भरघोस पीक देणाऱ्या, मर रोगापासून मुक्त अशा वेलीच्या बुंध्याशी जमिनीलगत धावणारे फुटवे निवडावेत. ते मातीत रुजू नयेत म्हणून खुंटीला गुंडाळून ठेवावेत व फेब्रुवारी-मार्चमध्ये कापावेत. फार कोवळा शेंडा आणि जून बुडखा टाकून मधल्या भागाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत. पाने देठ राखून छाटावीत. घोस धरणाऱ्या आडव्या फांदीचा छाटही रुजतो, पण त्यापासून झुडूप होते. ते पोफळीवर चढत नाही. ही चूक पुढे ध्यानात येते तेव्हा एक हंगाम वाया गेलेला असतो!

द्रावण करावयाचे असल्यास १ ग्रॅम संजीवक प्रथम अर्धा लिटर मद्यार्कात विरघळवावे, कारण ते पाण्यात सहज विरघळत नाही. नंतर पाणी घालून १ लिटर करावे. छाटाचे खालचे टोक त्यात सुमारे ४५ सेकंद बुडवावे. अधिक तीव्र द्रावणाने ते टोक काळे पडून कुजते. तयार पूड वापरताना थोडी बशीत काढून घ्यावी, उरलेली डब्यात परत टाकू नये. पूड पुसली जाऊ नये म्हणून मातीत काडीने आधी भोक पाडावे.

माती, वाळू व शेणखत यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशव्या सावलीत ठेवून ओल राखावी, पण पाणी साचू देऊ नये. जूनमध्ये पावसाने जोर धरला की रोपे पोफळीच्या बुंध्याशी लावण्यास तयार होतात.