कारण संपले, काम थांबले नाही

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि तीनच दिवसांनी नागासाकीचीही तीच गत झाली. हे कृत्य योग्य होते काय, यावर आजवर अमाप लिहिले गेले आहे. त्याआधीचा एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. बॉम्ब टाकण्याचा निर्णय मुळात घेतला कोणी, आणि कोणत्या दिवशी? कागदपत्रे पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, त्या वर्षी बहुतेक सारा खल बॉम्ब कोठे, कसा आणि केव्हा टाकावा याविषयी झाला. तो टाकावा की नाही, हा प्रश्न जवळजवळ सुटल्यासारखाच धरला गेला होता.

या अस्त्राचा जन्म भीतीतून झाला. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे हान व स्ट्रासमन यांनी केलेल्या प्रयोगांतून युरेनियमचा अणू दुभंगतो हे उघड झाले. हिटलरच्या छळामुळे युरोप सोडावा लागलेल्या शास्त्रज्ञांना यातील धोका सर्वांआधी उमगला. लिओ झिलार्ड यांच्या पुढाकाराने लिहिलेल्या २ ऑगस्ट १९३९ च्या पत्रावर आइन्स्टाइन यांनी सही केली आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांना सावध केले. जर्मनीच्या हाती हे अस्त्र आधी पडू नये, एवढाच या मंडळींचा हेतू होता.

१९४२ मध्ये मॅनहॅटन प्रकल्प सुरू झाला आणि या हेतूला एका अवाढव्य यंत्रणेचे रूप आले. नैसर्गिक युरेनियममध्ये बॉम्बला उपयुक्त असा अंश शेकडा एकाहूनही कमी असतो. तो वेगळा काढण्यासाठी ओक रिज येथे प्रचंड कारखाने उभे राहिले. प्लुटोनियम बनविण्यासाठी हॅनफर्ड येथे अणुभट्ट्या उभारल्या गेल्या. लॉस अलामॉसच्या पठारावर ओपेनहायमर यांच्या नेतृत्वाखाली प्रयोगशाळा वसली. लाखाहून अधिक माणसे राबत होती आणि सुमारे दोनशे कोटी डॉलर खर्ची पडले. आपण नेमके काय बनवीत आहोत, हे त्यांतील बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

आणि मग मूळ कारणच नाहीसे झाले. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्ट्रासबर्ग येथे हाती लागलेल्या कागदांवरून जर्मनीपाशी बॉम्ब नाही आणि नजीकच्या काळात तो होण्याची शक्यताही नाही, हे स्पष्ट झाले. जोसेफ रोटब्लॅट या पोलिश शास्त्रज्ञाने तेव्हा लॉस अलामॉस सोडले. जर्मनीपाशी बॉम्ब नाही तर आपण तो बनविण्याचे प्रयोजन काय, असा साधा विचार त्यांनी केला. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली, तरीही काम थांबले नाही. उलट त्याचा वेग वाढला.

विरोध झालाच नाही असे नाही. ११ जून १९४५ रोजी शिकागो येथील जेम्स फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अहवाल दिला. निर्जन जागी स्फोट करून या अस्त्राची शक्ती जगाला दाखवावी, असे त्यांनी सुचविले. ओपेनहायमर, फर्मी प्रभृती चौघांच्या सल्लागार मंडळाने मात्र प्रत्यक्ष वापरावाचून पर्याय दिसत नाही, असा अभिप्राय दिला. जुलैमध्ये झिलार्ड यांनी अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला. त्यावर ७० सह्या झाल्या. तो अधिकृत मार्गानेच पाठविला गेला. कचेरीत काम केलेल्यांना पुढचे सांगावयास नको. अर्ज एका हातातून दुसऱ्या हातात फिरला आणि युद्धमंत्र्यांच्या कचेरीत पोहोचेपर्यंत १ ऑगस्ट उजाडला. अध्यक्ष ट्रूमन यांच्या नजरेस तो पडलाच नाही.

दरम्यान २५ जुलैला लेखी हुकूम सुटला होता. त्यावर सही होती ती लष्करप्रमुखांच्या गैरहजेरीत काम पाहणारे जनरल हँडी यांची. ३ ऑगस्टच्या सुमारास, हवामान अनुकूल होताच, चार शहरांपैकी एकावर पहिला बॉम्ब टाकावा आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकत जावे, असे त्यात म्हटले होते. जपानला शरणागतीचे अखेरचे आवाहन करणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा निघाला तो दुसऱ्या दिवशी, २६ जुलैला. दुसऱ्या बॉम्बसाठी नव्या हुकमाची गरजच उरली नव्हती. खराब हवेच्या अंदाजामुळे त्याची तारीख ११ ऑगस्टवरून ९ वर आली. त्या दिवशी कोकुरा शहर ढगाधुराने झाकले गेले होते, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

ट्रूमन यांच्या बाजूनेही बोलता येते. ओकिनावाची लढाई भयंकर झाली होती आणि नोव्हेंबरमध्ये जपानच्या भूमीवर स्वारी ठरली होती. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत साध्या आगलाव्या बॉम्बनी टोकियोत लाखाच्या आसपास माणसे मारली गेली होती. शहरे जाळण्याचा संकोच केव्हाच सरला होता. हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. १० ऑगस्टला तिसरा बॉम्ब आठवड्याभरात सज्ज होईल असे कळताच ट्रूमन यांनी आपल्या स्पष्ट अनुमतीवाचून तो टाकू नये, अशी आज्ञा दिली. आणखी लाखभर माणसे मारण्याची कल्पनाच असह्य वाटते, असे ते मंत्रिमंडळात म्हणाल्याची नोंद हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे. म्हणजे थांबविणे शक्य होते. एका माणसाने ‘थांबा’ म्हटले आणि यंत्र थांबले. मात्र तो शब्द दोन शहरे बेचिराख झाल्यानंतर आला.

ही केवळ जुनी कथा नव्हे. ज्या शीतयुद्धाच्या नावाने अण्वस्त्रांचे ढीग रचले गेले, ते १९९१ मध्ये संपले. तरीही आज नऊ देशांपाशी मिळून सुमारे बारा हजार अण्वस्त्रे आहेत आणि त्या नऊ देशांत आपलाही समावेश आहे. या दोन शहरांतून वाचलेल्यांच्या संघटनेला, निहोन हिदान्क्यो हिला, २०२४ चे शांतता नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर तिचे बहुतेक सदस्य वार्धक्याने थकले होते. कोणतेही मोठे काम आरंभताना कारण द्यावे लागते. चालू ठेवण्यास ते लागत नाही. म्हणूनच ते कारण अद्याप शिल्लक आहे काय, हे मधूनमधून विचारणारा कोणीतरी लागतो. तसे विचारणाऱ्याचा अर्ज वेळेवर पोहोचेल, अशी व्यवस्था ठेवणे हे लोकशाहीचे काम आहे.