जुन्या मोटारींतील ऑइल बाथ एअर क्लीनरचे कागदी फिल्टरमध्ये रूपांतर : तत्त्व, पद्धती आणि मर्यादा

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या मध्यकाळातील अनेक मोटारी, जीप आणि ट्रॅक्टर यांच्या इंजिनांत हवा स्वच्छ करण्यासाठी ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजेच तैलस्नान वायुशोधक, वापरला जात असे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घड्यांच्या कागदी फिल्टरचा प्रसार होत गेला आणि प्रवासी मोटारींतून तेलाचा क्लीनर हळूहळू मागे पडला. आज जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्यांपुढे वारंवार एक प्रश्न उभा राहतो : तेलाचा क्लीनर तसाच ठेवावा, की त्या जागी कागदी फिल्टर बसवावा? हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे, तसाच तो वारसा-जतनाचाही आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंनी त्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

तेलाच्या क्लीनरचे कार्य

या क्लीनरच्या तळाशी असलेल्या वाटीत ठरावीक खुणेपर्यंत इंजिन ऑइल भरलेले असते. बाहेरची हवा कडेच्या पोकळीतून खाली येते आणि तेलाच्या पृष्ठभागापाशी एकदम उलट वळून वर जाते. जड धूलिकणांना हे वळण घेता येत नाही. ते जडत्वामुळे तेलात पडतात. हवेबरोबर उडालेले तेलाचे थेंब वरच्या तारेच्या जाळीला चिकटतात. उरलेली धूळ या ओल्या जाळीत अडकते आणि ओघळणाऱ्या तेलाबरोबर पुन्हा वाटीत उतरते. खेडोपाडी सुटा भाग मिळाला नाही, तरी वाटी रॉकेलने धुऊन नवे तेल भरले की क्लीनर पूर्ववत काम करतो. हा त्याचा मोठा गुण होय.

मात्र या पद्धतीचा सारा भार हवेच्या वेगावर आहे. इंजिन मंद चालत असता हवेचा वेग कमी असतो, जडत्वाचा परिणाम घटतो आणि बारीक धूळ निसटते. तेलाची पातळी कमी असल्यास शुद्धीकरण अपुरे होते. ती जास्त असल्यास तेल इंजिनात ओढले जाते. पूर्ण प्रवाहात असा क्लीनर साधारणतः ९५ टक्के किंवा त्याहून थोडी अधिक धूळ अडवतो. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवतो आणि मंद गतीतही त्याची कार्यक्षमता फारशी घटत नाही.

फरकाचे खरे मोल

९५ आणि ९९.५ या आकड्यांतील अंतर वरवर किरकोळ वाटते. परंतु इंजिनाची झीज अडवलेल्या धुळीने होत नाही, आत गेलेल्या धुळीने होते. म्हणून तुलना आत जाणाऱ्या धुळीची करावयास हवी.

उदाहरणादाखल मुंबईत महिंद्रने ज्यांची जुळणी केली त्या विलीज जीपचे इंजिन घेऊ. त्याची क्षमता सुमारे २.२ लिटर आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते. मिनिटाला ३००० फेऱ्या आणि सिलिंडर ८० टक्के भरतात असे धरल्यास इंजिन मिनिटाला सुमारे २६४० लिटर, म्हणजे तासाला सुमारे १५८ घनमीटर हवा ओढते. कच्च्या रस्त्यावरील हवेत दर घनमीटरला ०.१ ग्रॅम धूळ आहे असे केवळ हिशोबासाठी गृहीत धरू. मग क्लीनरपर्यंत तासाला सुमारे १५.८ ग्रॅम धूळ येते. ९५ टक्के कार्यक्षमतेच्या क्लीनरमधून ०.७९ ग्रॅम धूळ पुढे जाते, ९९.५ टक्के कार्यक्षमतेच्या फिल्टरमधून केवळ ०.०८ ग्रॅम. म्हणजेच साडेचार टक्क्यांच्या फरकाने आत जाणारी धूळ एक-दशांशावर येते. या धुळीतील सिलिकाचे कण सिलिंडर व पिस्टन रिंग यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे काम करतात. ज्या इंजिनाचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, त्याच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे.

फटीचा हिशोब

तथापि वरील लाभ सर्व हवा कागदातूनच जाते या गृहीतकावर उभा आहे. समजा, फिल्टरची कड नीट न बसल्यामुळे केवळ १ टक्का हवा फटीतून गेली. तिच्याबरोबर ०.१६ ग्रॅम धूळ न गाळता आत जाईल आणि एकूण धूळ ०.२४ ग्रॅम, म्हणजे तिप्पट होईल. फटीतून ५ टक्के हवा गेली, तर एकूण धूळ ०.८७ ग्रॅमच्या आसपास जाईल. म्हणजे नवा फिल्टर सुस्थितीतील तेलाच्या क्लीनरहूनही वाईट ठरेल. जुन्या क्लीनरच्या कवचात दुसऱ्या गाडीचा फिल्टर कसाबसा बसवण्यात नेमका हाच धोका आहे. रूपांतराचे यश कागदापेक्षा सीलबंदपणावर अवलंबून असते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

रूपांतराच्या पद्धती

पहिल्या पद्धतीत मूळ कवच कायम ठेवले जाते. तेल काढून कवच रॉकेलने धुवावे व पूर्ण कोरडे करावे, कारण उरलेले तेल कागदाची छिद्रे बुजवते. सुटी होणारी जाळी काढून मधल्या नळीभोवती गोल कागदी फिल्टर उभा बसवावा. त्याची खालची कड सपाट चकतीवर आणि वरची कड झाकणावर टेकली पाहिजे. विंग नट आवळल्यावर रबरी कडा सर्व बाजूंनी सारख्या दाबल्या जाव्यात. हवा बाहेरून आत, म्हणजे फिल्टरकडून मधल्या नळीकडे गेली पाहिजे.

काही नमुन्यांत जाळी कवचाला कायमची जोडलेली असते. ती कापून काढणे टाळावे. अशा वेळी दुसरी पद्धत योग्य ठरते : मूळ क्लीनर काढून जपून ठेवावा आणि कागदी फिल्टरचा स्वतंत्र डबा रबरी नळीने कार्बोरेटरला जोडावा.

फिल्टर निवडताना कागदाचे एकूण क्षेत्रफळ पाहावे. १०० घड्या, घडीची खोली २.५ सेंटीमीटर व उंची १० सेंटीमीटर असल्यास घडीच्या दोन्ही बाजू धरून ५००० चौरस सेंटीमीटर क्षेत्र मिळते. वरील इंजिनाची हवा त्यातून सेकंदाला सुमारे ९ सेंटीमीटर वेगाने जाईल. क्षेत्र निम्मे केल्यास वेग व अडथळा दोन्ही जवळपास दुप्पट होतात.

आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. इंजिनाच्या ब्रीदरची नळी क्लीनरला जोडलेली असल्यास ती फिल्टरच्या स्वच्छ बाजूस हवी. अन्यथा तेलाची वाफ कागद भिजवते. हवेचा अडथळा बदलल्यामुळे काही कार्बोरेटरांत पेट्रोल व हवेचे प्रमाण बदलते, म्हणून ट्यूनिंग पुन्हा तपासावे. कार्बोरेटरमधून बॅकफायर होण्याची शक्यता लक्षात घेऊन आतल्या बाजूस धातूची जाळी असलेला फिल्टर घ्यावा. शेवटी कडांना ग्रीसचा पातळ थर देऊन काही दिवस गाडी चालवावी आणि कार्बोरेटरकडील नळी पांढऱ्या फडक्याने पुसावी. धुळीचा माग दिसल्यास फट आहे असे समजावे.

मर्यादा आणि जतनाचा विचार

कागदी फिल्टर वेळोवेळी बदलावा लागतो. कोकणातील पावसात किंवा ओढा ओलांडताना तो भिजल्यास हवा कोंडते. शिवाय ऐतिहासिक वाहन हे केवळ वाहतुकीचे साधन नसून आपल्या काळाच्या तंत्रज्ञानाचा दस्तऐवजही असते. ऐतिहासिक वाहनांच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेने आवश्यक बदल मूळ रचनेला बाधा न आणणारे व परत फिरवता येण्याजोगे असावेत, अशी भूमिका घेतली आहे. भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने ५० वर्षांहून जुन्या व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी मूळ स्वरूप राखण्याची आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल नसण्याची अट घातली आहे. सुटा फिल्टर बसवणे हा मोठा फेरबदल म्हणता येणार नाही. परंतु मूळ क्लीनर कापणे किंवा भंगारात देणे म्हणजे पुराव्याचा एक दुवा कायमचा गमावणे होय.

निष्कर्ष

प्रदर्शनापुरती किंवा क्वचित चालणारी मोटार असल्यास मूळ क्लीनरचे गॅस्केट बदलून, तेलाची पातळी राखून तोच वापरणे श्रेयस्कर. धुळीच्या रस्त्यावर नियमित चालणाऱ्या वाहनास कागदी फिल्टर निश्चितपणे अधिक संरक्षण देतो. मात्र तो पूर्णपणे सीलबंद असावा आणि मूळ भाग कधीही परत बसवता यावा. या दोन अटी पाळता येत नसतील, तर जुना तेलाचा क्लीनर नीट धुऊन वापरणे हेच अधिक शास्त्रीय ठरते.